व्हायरस गेला, खातं हरवलं: एका डीटीपी सेंटरच्या काँप्युटरची दुरुस्ती

लग्नपत्रिका, बॅनर आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापणारं एक छोटं डीटीपी सेंटर. काँप्युटर एकच. विंडोज 10 होम, 256 जीबीची एसएसडी, शिवाय 1 टीबीची जुनी हार्ड डिस्क. खातं स्थानिक, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशी न जोडलेलं, आणि त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार. डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकताना विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, विंडोज डिफेंडर, बंद केला गेला आणि तो बंदच राहिला. चार दिवसांनी ब्राउझर भलतीकडे जायला लागला, टास्क मॅनेजर उघडेना. मग एक फुकट अँटिव्हायरस टाकला गेला. त्याने 14 फायली पकडून काढल्या आणि रीस्टार्ट मागितला.

रीस्टार्टनंतर डेस्कटॉप कोरा. वॉलपेपर विंडोजचा मूळचा, पत्रिकांची फोल्डरं गायब, मराठी फाँट गायब आणि कोपऱ्यात सूचना: ‘वुई कान्ट साइन इन टू युअर अकाउंट’. या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाका’. थोडी सबुरी असेल तर दुसरा सल्ला मिळतो, ‘नवीन युजर काढा आणि फायली कॉपी करा’. या प्रकरणात दोन्ही चुकीचे ठरले असते.

पहिली गोष्ट: त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काम करू नका

ती सूचना दिसते तेव्हा विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवलेलं असतं. प्रोफाइल म्हणजे खात्याच्या फायली आणि सेटिंग्जचं फोल्डर. सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘टेम्प’ नावाचं फोल्डर दिसतं, तेच ते. साइन आउट केलं की विंडोज ते पुसून टाकतं. रीसायकल बिनमध्ये काही जात नाही. एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा रिकामी करून टाकणारी सोय) चालू असल्यामुळे पुसलेल्या फायली परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातीही सहसा काही लागत नाही.

इथे तेच झालं होतं. काम अडलंय म्हणून दीड दिवस त्याच डेस्कटॉपवर तीन पत्रिका तयार करून सेव्ह केल्या आणि रात्री काँप्युटर बंद केला. कोरलड्रॉ ‘बॅकअप ऑफ’ नावाची प्रत ठेवतो, पण मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये, त्यामुळे तीही गेली. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पीडीएफ प्रूफ होते म्हणून मजकूर आणि मांडणी तरी परत मिळाली. तेव्हा सूचना दिसताच आधी पाहायचं की टेम्पच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये नवं काही सेव्ह झालंय का. असेल तर ते लगेच दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायचं, साइन आउट त्यानंतर.

नवीन खातं काढायची घाई का नको

जुन्या खात्यात फायलींपेक्षा बरंच काही असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोजच्या डीपीएपीआय या यंत्रणेने कुलूपबंद केलेले असतात. त्या कुलपाच्या किल्ल्या ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘रोमिंग’मध्ये, ‘मायक्रोसॉफ्ट’च्या ‘प्रोटेक्ट’ फोल्डरात, खात्याच्या एसआयडी नंबरच्या, म्हणजे विंडोजने दिलेल्या ओळख-नंबरच्या, नावाखाली पडलेल्या असतात, आणि त्या खात्याच्या पासवर्डशी बांधलेल्या असतात. क्रोमचं फोल्डर नव्या खात्यात कॉपी केलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड उघडत नाहीत. त्याच कारणाने, स्थानिक खात्याचा पासवर्ड दुसऱ्या अ‍ॅडमिनने ‘नेट युजर’ कमांडने रीसेट करणंही घातक आहे. पासवर्ड बदलायचाच असेल तर त्या खात्यात शिरून, जुना पासवर्ड देऊन, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटमधून बदलावा. मग किल्ल्या सोबत बदलतात.

फाँटचं दुखणं मराठी डीटीपीवाल्यांना जास्त जाणवतं. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून फाँटवर डबल-क्लिक करून साधं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो फक्त त्या खात्यापुरता बसतो. फाइल जाते ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फाँट्स’ या फोल्डरात आणि नोंद होते खात्याच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंग्ज लिहून ठेवतं त्या नोंदवहीत. इथे दोनशेच्या वर मराठी फाँट होते आणि जवळपास सगळे असेच बसवलेले. नव्या खात्यात जुन्या पत्रिका उघडल्या असत्या तर अक्षरांच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं दिसली असती. मराठी कीबोर्डची निवडही खात्याच्याच रजिस्ट्रीत असते.

म्हणून आधी एकच प्रश्न सोडवायचा: जुनं प्रोफाइल मेलंय की नुसतं वाट चुकलंय?

निदान

लॅनची केबल काढून ठेवली. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस’च्या नोंदी पाहिल्या. त्या दिवशीच्या तीन नोंदी एकापाठोपाठ होत्या. 1508: रजिस्ट्री लोड करता आली नाही. 1515: प्रोफाइलची नोंद बाजूला ठेवली. 1511: स्थानिक प्रोफाइल सापडलं नाही, तात्पुरतं देतो आहोत.

महत्त्वाचा होता 1508 च्या तपशिलातला शेवटचा भाग. तिथे ‘रजिस्ट्री करप्ट’ असं असतं तर प्रकरण गंभीर होतं. इथे लिहिलं होतं की फाइल दुसरा प्रोग्राम वापरतो आहे. म्हणजे खात्याची रजिस्ट्री जिच्यात असते ती ‘एनटीयुजर डॉट डॅट’ ही फाइल शाबूत होती. रीस्टार्टच्या वेळी नवा अँटिव्हायरस ती तपासत बसला होता आणि विंडोजला ती वेळेत मिळाली नाही.

तात्पुरतं प्रोफाइल हा व्हायरसचा पुरावा नव्हे, हे इथेच नोंदवायला हवं. फेब्रुवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच केबी4532693 या अपडेटनंतर अनेकांना नेमका असाच कोरा डेस्कटॉप दिसला होता. दोनदा रीस्टार्ट केल्यावर कधी कधी आपोआप सुटतं. इथे चार वेळा करूनही सुटलं नाही.

तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये असलात तरी खात्याचे अ‍ॅडमिन अधिकार कायम असतात. त्यामुळे कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून विंडोजचं झोपलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं जागं केलं: ‘नेट युजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर /अ‍ॅक्टिव्ह:येस’. मग तो फुकट अँटिव्हायरस अनइन्स्टॉल केला आणि साइन आउट न करता पूर्ण रीस्टार्ट केला. साइन आउटने भागत नाही, कारण जुन्या फायलींवरची पकड कधी कधी सुटत नाही.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये शिरल्यावर, दुरुस्तीला हात लावण्याआधी, अख्ख्या जुन्या प्रोफाइल फोल्डरची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली. एक्स्प्लोररमधून कॉपी-पेस्ट केलं तर परवानग्यांवर अडतं, म्हणून विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरली. स्विच असे: /ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, /बी म्हणजे बॅकअप मोड, /एक्सजे, /आर:1 आणि /डब्ल्यू:1. यातला /एक्सजे विसरू नये. प्रोफाइलमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ नावाची दारं असतात, जी फिरून त्याच फोल्डरात उघडतात. त्यांना वगळलं नाही तर कॉपी गोल गोल फिरत राहते आणि ड्राइव्ह भरून जातो. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर रोबोकॉपी अडलेली प्रत्येक फाइल दर 30 सेकंदांनी, दहा लाख वेळा, पुन्हा वाचायचा प्रयत्न करते.

प्रत झाल्यावर चाचणी. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी युजर्स’ निवडून ‘फाइल’ मेनूतलं ‘लोड हाइव्ह’ (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल) दाबलं, जुन्या खात्याची एनटीयुजर डॉट डॅट दाखवली आणि नाव दिलं ‘जुने’. फाइल तक्रार न करता उघडली, आत ‘सॉफ्टवेअर’, ‘कीबोर्ड लेआउट’, ‘प्रिंटर्स’ सगळं जागेवर. प्रोफाइल जिवंत होतं. लगेच ‘अनलोड हाइव्ह’ करून ती सोडून दिली. हे विसरलं की फाइल रजिस्ट्री एडिटरच्या ताब्यात राहते आणि पुढच्या साइन-इनला पुन्हा तोच 1508, पुन्हा तेच तात्पुरतं प्रोफाइल. ‘सगळं केलं तरी सुटत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

जुनी वाट मोकळी करणं

विंडोज कोणाचं प्रोफाइल कुठे आहे हे रजिस्ट्रीत ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज एनटी’, ‘करंटव्हर्जन’, ‘प्रोफाइललिस्ट’ इथे लिहून ठेवतं. तिथे एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसल्या. एक एस-1-5-21 ने सुरू होऊन 1001 वर संपणारी. दुसरी अगदी तीच, पण शेवटी ‘डॉट बॅक’ जोडलेली. प्रत्येकीवर क्लिक करून ‘प्रोफाइलइमेजपाथ’ पाहिला. पहिली टेम्प फोल्डरकडे बोट दाखवत होती, डॉट बॅकवाली खऱ्या फोल्डरकडे.

आधी अख्खी प्रोफाइललिस्ट ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवली. मग पहिल्या नोंदीच्या शेवटी ‘डॉट जुने’ जोडलं, दुसरीचं ‘डॉट बॅक’ काढलं आणि तिच्यातल्या ‘स्टेट’ची किंमत 0 केली. ‘रेफकाउंट’ असेल तर तोही 0 करायचा. या मशीनवर तो नव्हता आणि तो नसला तर मुद्दाम तयार करायची गरज नाही. रीस्टार्ट करून मूळ खात्यात शिरल्यावर डेस्कटॉप, पत्रिकांची फोल्डरं, फाँट सगळं परत. पहिली नोंद दोन दिवसांनी पुसली.

पण कुठलाही प्रोग्राम उघडेना.

डबल-क्लिक केलं की ‘ओपन विथ’

ज्या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये कोरलड्रॉ आणि टॅली निमूट उघडत होते, त्याच मशीनवर मूळ खात्यात प्रत्येक आयकॉनवर ‘ही फाइल कशाने उघडू?’ असं विचारणारी खिडकी येत होती. गोंधळात पाडणारी वाटली तरी ही फार उपयोगी खूण आहे. बिघाड एकाच खात्यात असेल तर तो त्या खात्याच्या रजिस्ट्रीत आहे. दोन्ही खात्यांत असेल तर मशीनच्या सामायिक रजिस्ट्रीत किंवा विंडोजच्या फायलींत. या एका कसोटीने निम्मं शोधकाम वाचतं.

व्हायरसने काय केलं होतं ते असं. डॉट ईएक्सई फाइल कशी चालवायची याचा नियम विंडोजमध्ये ‘ईएक्सईफाइल’ नावाच्या नोंदीत असतो, आणि तो इतकाच: "%1" %*. म्हणजे दिलेली फाइल आहे तशी चालव. हा नियम सामायिक रजिस्ट्रीत असतो, पण त्याच नावाची नोंद खात्याच्या रजिस्ट्रीत असेल तर विंडोज तिला आधी मान देतं. व्हायरसने तिथे स्वतःची नोंद घालून प्रत्येक प्रोग्रामच्या आधी स्वतःला चालवायची सोय केली होती. अँटिव्हायरसने फाइल उचलली, नोंद तशीच राहिली. आता प्रत्येक प्रोग्राम अशा दारातून जाऊ पाहत होता जिथे कोणी उभंच नव्हतं.

दुरुस्तीत इथे एक खाच आहे. ही नोंद एनटीयुजर डॉट डॅटमध्ये नसते. खात्याचा ‘सॉफ्टवेअर, क्लासेस’ हा भाग वेगळ्या फाइलीत राहतो: ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ यातली ‘युएसआरक्लास डॉट डॅट’. ती लपलेली सिस्टिम फाइल आहे, तेव्हा फोल्डर ऑप्शन्समधून संरक्षित फायली दाखवायला लागतात. रीस्टार्ट करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये जाऊन ही फाइल ‘लोड हाइव्ह’ने उघडली. आत थेट ‘ईएक्सईफाइल’ सापडलं आणि त्याच्या ‘शेल, ओपन, कमांड’मध्ये रोमिंग फोल्डरातल्या, आता अस्तित्वात नसलेल्या फाइलचा पत्ता. खात्यातली ही अख्खी नोंद पुसली. तिथे बरोबर नियम लिहीत बसायचं कारण नाही, ती गेली की सामायिक नियम आपोआप लागू होतो. ‘डॉट ईएक्सई’ नावाचीही नोंद शोधून पाहिली, ती नव्हती. अनलोड, रीस्टार्ट, आणि प्रोग्राम उघडायला लागले.

टास्क मॅनेजर मात्र दोन्ही खात्यांत बंदच. संदेश असा की टास्क मॅनेजरची फाइल विंडोजला सापडत नाही, नाव नीट टाइप केलंय का पाहा. सिस्टिम32 मध्ये फाइल ढळढळीत दिसत असते. लोक इथे विंडोजच्या फायली तपासणारी ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही कमांड चालवतात, ती सांगते सगळं ठीक आहे, आणि ते खरंही असतं. दोष असतो ‘करंटव्हर्जन’खालच्या ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’मध्ये. प्रोग्रामरना दोष शोधता यावेत म्हणून केलेली ही सोय आहे: इथे एखाद्या प्रोग्रामच्या नावाखाली ‘डीबगर’ म्हणून दुसरी फाइल लिहिली की विंडोज आधी ती चालवतं. व्हायरसने टास्क मॅनेजर आणि रीसोर्स मॉनिटर अशा दोघांच्या नावाखाली स्वतःची फाइल लिहिली होती. ती आता नाही, आणि विंडोज तक्रार करतं ती मात्र टास्क मॅनेजरच्या नावाने. या दोन ठिकाणची फक्त ‘डीबगर’ ही किंमत काढली. वरचं अख्खं फोल्डर उडवू नये, त्यात इतर प्रोग्रामच्या वैध नोंदी असतात.

ब्राउझरची तक्रार प्रॉक्सीची होती. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचा पत्ता 127.0.0.1, म्हणजे हाच काँप्युटर. व्हायरस मध्ये बसून सगळी वाहतूक स्वतःतून नेत होता. प्रॉक्सी बंद केली, होस्ट्स फाइल (वेबसाइटच्या नावांना पत्ते जोडणारी) तपासली आणि डेस्कटॉपवरच्या ब्राउझर आयकॉनच्या ‘टार्गेट’ ओळीत शेवटी चिकटवलेला वेबसाइटचा पत्ता काढला. विंडोज सुरू होताना येणारी ‘रनडीएलएल’ची एरर-खिडकी म्हणजे गेलेल्या फाइलीला हाक मारणारी उरलेली नोंद. ती मायक्रोसॉफ्टच्या ऑटोरन्स या छोट्या प्रोग्रामने सापडते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आटोपशीर होते, आणि गायब फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी पिवळ्या दिसतात. दोन नोंदी होत्या, त्यातली एक टास्क शेड्युलरमध्ये.

कुठले प्रोग्राम परत आणायचे आणि कुठले नाही

क्वारंटाइनमधल्या, म्हणजे अँटिव्हायरसने पकडून कोंडून ठेवलेल्या, 14 फायलींची यादी तो अँटिव्हायरस काढण्याआधीच वाचून काढली होती. अशी यादी शेकड्यांत असती, एकाच नावाचा व्हायरस प्रोग्राम फाइल्समधल्या प्रत्येक ईएक्सईत निघाला असता, तर वर लिहिलेलं सगळं सोडून नवं विंडोज टाकणं हाच मार्ग होता. सॅलिटी, विरुट, रॅमनिट हे त्या जातीचे. ते चांगल्या प्रोग्रामच्या अंगात शिरतात आणि साफ केलेला प्रोग्राम पूर्ववत होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. इथे तसं नव्हतं.

14 पैकी 11 उघड व्हायरस होते. दोन फायली क्रॅकच्या. त्या परत आणायला ठाम नकार दिला, कारण आजार तिथूनच आला होता. डिझाइनचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल झालं आणि परवाना घेईपर्यंत साधी कामं इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरवर करायचं ठरलं. चौदावी फाइल मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरची होती. असे प्रोग्राम प्रत्येक कळ पकडून तिचं मराठी अक्षर करतात, आणि कळा पकडणं हे कीलॉगरचंही (टाइप केलेलं चोरून टिपणाऱ्या प्रोग्रामचंही) काम असल्याने अँटिव्हायरस कधी कधी संशय घेतात. तरी ती नुसती ‘रीस्टोर’ केली नाही. मूळ सीडीवरच्या फाइलीशी तिचा हॅश (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) पॉवरशेलच्या ‘गेट-फाइलहॅश’ने जुळवला, तंतोतंत जुळला, मगच परत घेतली.

टॅलीचा डेटा सुरक्षित होता, कारण तो खात्याच्या फोल्डरात नव्हताच, ‘पब्लिक’मध्ये होता. तरी कंपनी उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहिली. नुसतं फोल्डर दिसतंय यावर समाधान मानू नये.

डिफेंडर पुन्हा चालू करणं

सेटिंग करड्या रंगाची, ‘तुमच्या संस्थेने नियंत्रित केली आहे’ असं सांगणारी. घरगुती मशीनवर हे वाक्य दिसलं की रजिस्ट्रीच्या ‘पॉलिसीज’मध्ये कोणीतरी हात घातलाय अशी दाट शक्यता. ‘एचकी लोकल मशीन’मधल्या ‘सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर’ इथून ‘डिसेबलअँटिस्पायवेअर’ काढलं. त्याहून वाईट गोष्ट ‘एक्सक्लूजन्स’च्या, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांच्या, यादीत होती: अख्खा सी ड्राइव्ह. क्रॅकसोबतच्या सूचनांत हेच करायला सांगितलेलं असतं. ही ओळ राहिली असती तर डिफेंडर चालू होऊन रोज ‘धोका नाही’ म्हणत राहिला असता. ती काढली, डिफेंडरची सेटिंग्ज इतर प्रोग्रामना बदलू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन चालू केलं आणि ऑफलाइन स्कॅन केला. विंडोज सुरू व्हायच्या आधी चालणारी ही तपासणी साधारण पंधरा मिनिटं घेते. त्यानंतर ‘डीआयएसएम’ची ‘रीस्टोरहेल्थ’ आणि मग एसएफसी, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल घेते तो साठा डीआयएसएम दुरुस्त करते.

पासवर्ड बदलले ते या मशीनवरून नाही, फोनवरून. ईमेल आधी, मग बँक, मग जीएसटी पोर्टल. ब्राउझरच्या कुकी चोरीला गेल्या असतील तर चोराला पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही, म्हणून ईमेलमध्ये ‘सगळीकडून साइन आउट’ही केलं.

गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह हा अशा सेंटरचा कायमचा धोका. त्या आठवड्यात आलेल्या दोन पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत होते. आतली फोल्डरं शाबूत असतात, फक्त लपवलेली. शॉर्टकटवर क्लिक न करता, ड्राइव्ह स्कॅन करून, ‘अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी’ दिलं की ती दिसायला लागतात.

शेवटी फाँट एकगठ्ठा निवडून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ने बसवले. मदतनिसासाठी अ‍ॅडमिन अधिकार नसलेलं वेगळं खातं काढलं, त्यात टॅली, टायपिंग आणि छपाई चालते, सॉफ्टवेअर टाकता येत नाही. सिस्टिम रीस्टोर सी ड्राइव्हवर बंद होतं, ते चालू केलं. रजिस्ट्रीच्या आपोआप होणाऱ्या प्रतींवर विसंबून चालत नाही, विंडोज 10 च्या 1803 पासून ‘रेगबॅक’ फोल्डरातल्या फायली 0 केबीच्या असतात. ऑटोरन्सची यादी सेव्ह करून ठेवली.

सातव्या दिवशी दोन गोष्टी तपासल्या. इव्हेंट लॉगमध्ये नवा 1511 नव्हता. ऑटोरन्समध्ये ‘कम्पेअर’ने जुन्या यादीशी तुलना केल्यावर एकच नवी नोंद हिरवी उमटली, ती होती प्रिंटरच्या नव्या ड्रायव्हरची. त्यानंतर ‘नेट युजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर /अ‍ॅक्टिव्ह:नो’ देऊन ते खातं पुन्हा बंद केलं, आणि प्रोफाइलची बाहेरची प्रत तीन महिने न पुसता ठेवण्यासाठी ड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी चिकटवली.